चावी, साबण आणि भाऊजी

दर जानेवारीत आमच्या अमळनेरच्या मंडळाचं स्नेहसंमेलन कुणाच्या तरी मळ्यात भरायचं. स्नेहसंमेलन हे नाव फक्त निमंत्रणपत्रिकेवर; आम्ही सगळे भरीत पार्टीच म्हणायचो. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवी भरताची वांगी आणि धुराने डोळे चोळत फिरणारी पोरं.

नव्वदीच्या दशकात एका वर्षी रोटरीमार्फत ब्राझीलची पाच माणसं आली. रोटरीची ही अभ्यासगटांची देवाणघेवाण १९६५ पासून चालत होती. रोटरीबाहेरची चार तरुण नोकरी-धंद्यातली माणसं, सोबत एक रोटेरियन म्होरक्या. महिना-दीड महिना परदेशात, तेही लोकांच्या घरी राहून. दिल्लीची सांस्कृतिक संबंध परिषदही १९५० पासून कलावंतांची ये-जा घडवते, पण त्या कलावंतांना आपण बघतो ते लांबच्या खुर्चीवरून. ही माणसं आमच्या मोरीत चूळ भरत होती.

अध्यक्षांचं भाषण नेहमीसारखंच लांबलं. साने गुरुजी याच गावात शिक्षक होते, प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून त्यांनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं, वगैरे. खरं होतं सगळं, पण भरीत गार होत होतं.

तेवढ्यात मावशी मागून ओरडली, “चावी आन रे!”

पाहुण्यांतली एक बाई गर्रकन वळली. “शावी?” आणि पर्समधून स्वतःची किल्ली काढून दाखवली. झालं, भाषण तिथेच संपलं. पोरांनी तिला घेरलं. साबण? ती म्हणाली, सबाऊं. बटाटा? बटाटाच! घमेलं? गमेला, पण तिच्याकडे ते लाकडाचं. पोर्तुगीज जहाजांनी हे शब्द दोन्ही किनाऱ्यांवर उतरवले होते, आणि एकमेकांची गाठ पडायला त्यांना आमचा मळा लागला. बादलीला मात्र ती “बाउजी” म्हणाली. आम्हाला ऐकू आलं भाऊजी. विहिरीपाशी बादली घेऊन उभे असलेले आमचे खरे भाऊजी कानापर्यंत लाल झाले.

दुपारी ती मांडे करायला बसली. मावशीच्या हातांवर मांडा कोपरापर्यंत झुलत पसरायचा आणि अलगद तापल्या खापरावर जायचा. हिच्या हातावर पहिला फाटला, दुसऱ्याचं पुरण थेट चुलीत. मावशीने तो फाटकाच भाजून तिच्या ताटात वाढला, वर तुपाची धार. “आखो ले ना वं माय!” भाषांतराला कुणी गेलं नाही. तिने ताट पुढे केलं.

रोटरीची ती अदलाबदल २०१३ मध्ये बंद झाली. भरीत पार्टी चालू आहे. मळ्यात हात धुवायला पाणी कमी पडलं की अजून कुणीतरी हाक मारतं, “भाऊजी भरी आन रे!” नव्या सुनांना कळत नाही आम्ही का हसतो ते.