बटण दाबायची घाई

कमोडोर एसएक्स-६४ या जुन्या संगणकाला हँडल आहे, म्हणून तो पोर्टेबल. वजन सुमारे साडेदहा किलो, आत बॅटरी नाही. म्हणजे कुठेही नेला तरी पहिली शोधाशोध प्लगपॉइंटची. १९८४ साली अमेरिकेत ९९५ डॉलरला विकायला आलेल्या या पेटीत कमोडोरचाच घरगुती सी-६४, पाच इंची रंगीत पडदा आणि फ्लॉपी ड्राइव्ह असा सगळा संसार एका खोलीत मांडलेला आहे. रंगीत पडद्याचा पहिला पोर्टेबल संगणक हा मान त्याचाच. कीबोर्ड हेच झाकण आणि हँडल वळवलं की तेच स्टँड. एवढ्याशा पडद्यावर चाळीस अक्षरांची ओळ वाचता यावी म्हणून सी-६४चे निळ्यावर निळे रंग बदलून पांढऱ्यावर निळी अक्षरं केली. असा बारकाईचा विचार ज्यात दिसतो, तेच यंत्र दुरुस्त करावंसं वाटतं.

जुना नग हाती आला की बोट आपोआप बटणाकडे जातं. ते आवरायचं. आधी मागच्या पट्टीवरचा व्होल्टेज वाचायचा. अमेरिकी नग आपल्या २३० व्होल्टला थेट जोडला तर दुरुस्तीचा प्रश्नच मिटतो! त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही पट्टीवरच्या वॉटच्या निदान दुपटीचा.

पेटी उघडली की पिक्चर ट्यूबचा मान राखायचा. प्लग काढल्यावरही तिच्यात काही हजार व्होल्ट टिकून असू शकतात. इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरच्या धातूच्या दांडीला वायर बांधून तिचं दुसरं टोक ट्यूबभोवतीच्या उघड्या जाळीदार तारेला अडकवायचं, एक हात पाठीमागे ठेवायचा आणि ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली स्क्रूड्रायव्हरचं टोक सरकवायचं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच, कारण ट्यूबमध्ये चार्ज थोडा परत जमतो. ज्यांना याचा सराव नाही त्यांनी हा भाग टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे सोपवावा.

मग पॉवर सप्लाय. बोर्ड सुटे करायचे, पाच व्होल्टच्या लाइनवर १० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर भार म्हणून लावायचा आणि मल्टिमीटरने मोजायचं. ४.७५ ते ५.२५च्या बाहेर आकडा गेला तर बोर्ड जोडायचेच नाहीत. सगळे कॅपॅसिटर सरसकट बदलण्याची सध्या फॅशन आहे. मला ती पटत नाही. फुगलेला, गळलेला किंवा ईएसआर मीटरवर ज्याचा आतला विरोध वाढलेला दिसेल तोच काढावा. चाळिशी ओलांडलेल्या बोर्डावर दर वेळी सोल्डर काढताना तांब्याची टिकली उचकटण्याचा धोका असतो. पडद्यावरचं चित्र उभ्या बाजूने आक्रसलं असेल, तर मात्र मॉनिटर बोर्डावरच्या कॅपॅसिटरवर पहिला संशय घ्यावा. हे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात.

खरी गंमत कीबोर्डात आहे. बटणं आठ बाय आठच्या जाळीत मांडलेली आहेत, त्यामुळे दोष स्वतःच पत्ता सांगतो. एकच बटण मेलं तर त्याचा संपर्क मळलाय. एकाच ओळीतली आठ गेली तर पंचवीस पिनांची केबल, आतल्या पातळ फिल्मवरची रेघ किंवा कीबोर्ड वाचणारी ६५२६ ही चिप. रिस्टोअर बटण या जाळीत नाही, ते वेगळ्या तारेने जातं. म्हणून ते चालतंय यावरून बाकीच्यांबद्दल काहीच कळत नाही. पहिल्या पोर्टात जॉयस्टिक हलवली की पडद्यावर भलतीच अक्षरं उमटतात, तो मात्र दोष नव्हे. त्या तारा कीबोर्डशी सामाईक आहेत. फिल्मला ॲसिटोन अजिबात लावू नये. तुटलेली रेघ चांदीच्या कंडक्टिव्ह रंगाने जोडता येते.

ड्राइव्हचं हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, सरकपट्टीला तेलाचा एकच थेंब. ड्राइव्हला शून्य ट्रॅक, म्हणजे फ्लॉपीवरची पहिली पट्टी, ओळखणारा सेन्सर नाही, म्हणून हेड अडणीवर खडखड आपटून जागा शोधतं आणि त्या धक्क्यांनी वर्षानुवर्षांत हेडची अलाइनमेंट, म्हणजे नेमकी जागा, सरकते. तपासणी सोपी: स्वतः फॉरमॅट केलेली फ्लॉपी वाचतो, पण कंपनीची जुनी फ्लॉपी वाचत नाही, तर हेड सरकलंय. कोकणातल्या पावसाळ्यात राहिलेल्या फ्लॉपींवर पांढरी बुरशी असते. तशी एक जरी घातली तर पुढची घालण्याआधी हेड पुन्हा पुसावं, नाहीतर ती बुरशी चांगल्या फ्लॉपीलाही ओरखडे पाडते.

मूळ फ्लॉपी जपायच्या असतील तर सीरियल पोर्टवर एसडी कार्डचा ड्राइव्ह लावता येतो. फक्त आतला ड्राइव्ह आठ हा ओळख-नंबर धरून बसलेला असतो, म्हणून बाहेरच्याला नऊ नंबर द्यावा. शिफ्ट आणि रन-स्टॉप एकत्र दाबलं की यंत्र आठवरचीच पहिली फाइल लोड करतं, तेव्हा नऊसाठी लोडची आज्ञा हाताने टाइप करावी लागते. काही गेम आठच्या पलीकडे पाहतच नाहीत. त्यांच्यासाठी आतल्याचा नंबर बदलण्याची खटपट करण्यापेक्षा फ्लॉपीच बरी.