रिकामा दिवस : आमची वाटचाल

आमच्या प्रत्येक लांब सहलीच्या कार्यक्रमात एक दिवस कोरा असतो. वार, तारीख, मुक्कामाचं गाव लिहिलेलं आणि खाली काहीच नाही. नव्या माणसाला वाटतं, छापताना राहून गेलं असेल. फोन येतो, "ताई, नवव्या दिवशी काय आहे?" मी सांगते, "काही नाही. तो दिवस तुमचा." पलीकडे जरा वेळ शांतता. पैसे मोजून रिकामा दिवस विकत घ्यायचा, ही गोष्ट पटकन गळी उतरत नाही. मलाही ती कळायला आठ वर्षं आणि एक फसलेली सहल लागली.

२०११ साली मी सांगलीत तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होते. सासऱ्यांची मार्केट यार्डात बेदाण्याची छोटी अडत होती आणि यजमानांची एक टेम्पो ट्रॅव्हलर. पंढरपूर, तुळजापूर, लग्नाची वऱ्हाडं यावर गाडी चालायची. दिवाळीच्या सुट्टीत गाडी दारात उभी होती, म्हणून मी वर्गातल्या बारा मुलींना बदामीला घेऊन गेले. तिथल्या तिसऱ्या लेण्यात शके ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८ चा चालुक्य मंगलेशाचा लेख आहे. त्याच्यासमोर आम्ही दोन तास बसलो. विष्णूच्या मूर्ती, छताजवळचे रंगाचे पुसट अवशेष, खाली अगस्त्य तीर्थाचं पाणी. मुलींनी घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण पुढच्या महिन्यात त्यांच्या आया म्हणाल्या, "आम्हाला कधी नेताय?" आमची कंपनी सुरू झाली ती अशी. हंपी, पट्टदकल, अजिंठा करत करत चार-पाच वर्षांत कॉलेज सुटलं आणि मारुती चौकात दहा बाय बाराचं ऑफिस झालं.

उझबेकिस्तान माझ्या डोक्यात फळ्यामुळे होतं. दरवर्षी मी फळ्यावर लिहायची, 'बाबर, जन्म १४८३, अंदिजान'. अल्-बिरूनी, तैमूर, समरकंद ही नावंही तिकडचीच. खडूनं लिहायची आणि तास संपला की पुसायची. २०१८ च्या जुलैत त्या देशानं ई-व्हिसा सुरू केला आणि मला राहवलं नाही. मे २०१९ मध्ये आम्ही २४ जणांचा गट नेला. सात दिवसांत ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा.

ती सहल फसली. कुणाचं सामान हरवलं नाही, कुणी आजारी पडलं नाही, तरी फसली. तिथली सगळी व्यवस्था मी एका मोठ्या शहरातल्या मध्यस्थाकडून घेतली होती. प्रत्येक गावात नवा गाईड. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, आम्ही पुन्हा नावं सांगायची. दोन गावांत तर आम्हाला गालिच्यांच्या दुकानात तास तासभर बसवलं. बुखाऱ्याला मिळाला अर्धा दिवस. कल्याण मिनार ११२७ सालचा, जवळजवळ ४६ मीटर उंच, नुसत्या भाजक्या विटांचा, आणि विटांच्या नक्षीचे पट्टे एकापेक्षा एक वेगळे. त्याच्या पायथ्याशी आम्ही वीस मिनिटं थांबलो. त्यातली दहा फोटोत गेली. संध्याकाळी बसमध्ये चढताना आमच्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका माझा हात धरून म्हणाल्या, "बाळ, सगळं दाखवलंस. बघू कुठं दिलंस?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी मास्तरीण. बदामीला एका लेखासमोर दोन तास बसवणारी. मीच माणसांना असं हाकत होते.

तीन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी गाठली. मारुती चौक पाण्यात, आमचं ऑफिस पाण्यात. संगणक, नकाशे, सात वर्षांच्या वह्या, सगळ्याचा चिखल झाला. त्या दिवसांत एक अनोळखी नंबर सारखा येत होता. बुखाऱ्याचा गाईड. ताश्कंदला हिंदी शिकलेला, तिशीतला मुलगा. अर्ध्या दिवसाची ओळख. त्यानं बातमीत सांगलीचं नाव वाचलं होतं. "ओपा, पाणी उतरलं का?" उझबेकीत ओपा म्हणजे थोरली बहीण. थोरल्या भावाला ते अका म्हणतात. आमच्याकडे अक्का म्हणजे थोरली बहीण, हे ऐकून तो खूप हसला होता. तो रोज विचारत राहिला. मध्यस्थाचा एकही फोन आला नाही. पुढं कुणाबरोबर काम करायचं, ते माझ्यापुरतं तेव्हाच ठरलं.

मग करोना. त्या दोन वर्षांबद्दल फार लिहीत नाही. गाडी विकली, यजमान सासऱ्यांच्या अडतीवर बसले. मी आणि तो मुलगा मात्र दर रविवारी फोनवर बोलत होतो आणि एक सहल कागदावर आखत होतो. गट नाही. एकच कुटुंब, एकच गाडी, आणि पहिल्या विमानतळापासून शेवटच्या विमानतळापर्यंत एकच गाईड. असा गाईड महाग पडतो. त्याचा मुक्काम, जेवण, परतीचा प्रवास, सगळं आपल्याच माथी. पण तिसऱ्या दिवसापर्यंत त्याला कळलेलं असतं की आजोबांना जिना चढवत नाही, सुनेला दुपारी डोकेदुखी होते आणि नातीला प्रश्न पडतात. गावोगावच्या नव्या गाईडला हे कधीच कळत नाही. दुकानाच्या कमिशनला आम्ही तेव्हापासून हात लावलेला नाही.

अशी पहिली मोठी सहल २०२३ मध्ये झाली. तासगावकडचं द्राक्षबागायतदार कुटुंब, पाच माणसं. आबा एकाहत्तरचे, आजी, मुलगा, सून आणि आठवीतली नात. आबांच्या दोन अटी होत्या. गणपतीला घरी पाहिजे आणि फळछाटणी आधी उरकायची घाई करायला लावायची नाही. म्हणून ३१ ऑगस्टला निघून १७ सप्टेंबरला, हरतालिकेच्या आदल्या दिवशी परत, असं ठरलं. पूर्ण अठरा दिवस. मीही सोबत गेले.

ताश्कंदला आम्ही शास्त्रीजींच्या पुतळ्यापाशी गेलो. १० जानेवारी १९६६ ला भारत-पाकिस्तान करारावर सह्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या पहाटे शास्त्रीजी गेले. गाईड ते सांगत होता, तेवढ्यात आबा म्हणाले, "आमचे यशवंतरावही होते की त्या वेळी. संरक्षणमंत्री." यशवंतरावांचं देवराष्ट्रे आबांच्या शिवारापासून फार लांब नाही. त्या सकाळी रेडिओवर बातमी आली तेव्हा आबा तेरा वर्षांचे होते आणि मोटेवर होते. मोट थांबवून सगळे उभे राहिले होते म्हणे. आबांनी पायांतलं काढलं आणि पुतळ्यापुढं हात जोडले. कार्यक्रमात त्या थांब्याला अर्धा तास होता. आम्ही दुपारपर्यंत तिथंच सावलीत बसलो.

फरगाण्याच्या खोऱ्यात मर्गिलानला सुनेनं आम्हाला हलू दिलं नाही. तिचं माहेर विट्याचं, घरात माग. रेशमाचे ताणे विणण्याआधीच बांधून रंगवायचे, म्हणजे नक्षीच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. तिथं या कामाला 'अब्र' म्हणतात, फारसीत ढग. तिनं गाठी मोजल्या, ताण बोटानं पाहिला आणि विणकर बाईशी एकमेकींची भाषा येत नसताना तासभर बोलली.

खिवा लवकर उरकलं. तटाच्या आतलं गाव सुंदर आहे, पण उन्हानं आबा थकले. नातीला मात्र तिथं काहीतरी सापडलं. हा ख्वारिज्मचा प्रांत. अल्-ख्वारिज्मी इथला म्हणून त्याचं नाव तसं, आणि त्या नावावरून संगणकवाले ज्याला अल्गोरिदम म्हणतात तो शब्द. त्यानं आपल्याकडच्या अंकांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या लॅटिन भाषांतरातून ते अंक युरोपात पोचले. शून्य आपलं आणि पोचवलं यांनी, एवढं ती वहीत लिहून मोकळी झाली.

मग किझिलकुम वाळवंट ओलांडून बुखारा, आणि कोरा दिवस.

सकाळी सगळे लब-ए-हौजच्या काठावर बसले होते. लब म्हणजे काठ, हौज म्हणजे आपला हौद. १६२० सालचं दगडी पायऱ्यांचं तळं, भोवती तुतीची म्हातारी झाडं. गाईडनं सांगितलं, पूर्वी शहरात असे शंभराहून जास्त हौद होते आणि लोक त्यांचंच पाणी प्यायचे. त्यातून नारू व्हायचा, पायातून बाहेर निघणारा लांब जंत. सोव्हिएत काळात रोगाच्या कारणानं बहुतेक हौद बुजवले. नारू शब्द कानी पडताच आजींनी साडी जरा वर करून घोट्यावरची खूण दाखवली. त्यांच्या माहेरच्या पायऱ्यांच्या विहिरीतला. गाईडच्या आजीच्या पायावरही तशीच खूण होती म्हणे. हे मी कुठल्या माहितीपत्रकात लिहिणार होते?

दुपारी आबांनी विचारलं, "इथं द्राक्षं कुठं बघायला मिळतील?" गाईडच्या मामांची बाग गावाबाहेर होती. दिवस रिकामाच होता. आम्ही गेलो.

आबा वेलीपाशी बसले ते उठेनात. खोड सरळ उभं नाही, जमिनीलगत तिरपं. एकाच बुंध्यातून पंख्यासारखे चार-पाच फाटे. मामा म्हणाले, हिवाळ्यात थंडी इतकी पडते की वेल तारेवरून सोडवून, वाकवून मातीखाली पुरावा लागतो. वसंतात उकरून काढतात. म्हणून खोड असं लवचीक ठेवायचं. आबांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. "पुरायचा? जिता वेल?" मग त्यांनी आपली रीत सांगितली. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, वर्षातून दोनदा कात्री, पीक एकदा. मामा ऐकत राहिले.

मग बेदाणा. तिकडं उन्हात वाळवलेल्याला ओफतोबी म्हणतात आणि सावलीत वाळवलेल्याला सोयाकी. आफताब आणि साया, कान दिला तर शब्द ओळखीचेच. सोयाकीला भाव जास्त. आबांनी मोबाईलवर आपली शेड दाखवली. जाळ्यांचे मजले, वर कापड, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात घड बुडवून पसरलेले. हिरवा रंग टिकवायचा म्हणून सावली. मामांनी मूठभर सोयाकी आबांच्या हातावर ठेवला. आबांनी एक मणी दाताखाली फोडला, बोटांनी चिकटपणा पाहिला आणि म्हणाले, "गोडी आमच्यापेक्षा जास्त. रंग आमचा चांगला." मामांनी ते भाषांतर होण्याआधीच मान हलवली.

परतायला रात्र झाली. घरच्या दह्याचा सुझमा, म्हणजे आपला चक्काच, गरम नान, टोमॅटो-कांद्याची पातळ चिरलेली कोशिंबीर, खरबूज. आबा आणि आजी माळकरी. शाकाहाराचं मी आधीपासून शिकून ठेवलं होतं. तिकडे लाल भोपळ्याच्या सामशात, म्हणजे तिकडच्या समोशातही मेंढीच्या शेपटीची चरबी घालतात, नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. आता आमचा गाईड स्वयंपाकघरात जाऊन कढई बघून येतो. नान पालथं ठेवायचं नाही, हे आजींनी पहिल्याच दिवशी उचललं. भाकरी पालथी घालू नये म्हणून त्याही ओरडायच्या.

समरकंदला उलुग बेगच्या वेधशाळेत नातीचा दिवस होता. तैमूरचा हा नातू राजा होता, पण जीव ताऱ्यांत. त्याच्या माणसांनी १०१८ ताऱ्यांची जागा ठरवली, दुर्बीण निघण्याच्या आधी. १४४९ मध्ये त्याचा खून झाला, वेधशाळा मातीला मिळाली आणि १९०८ मध्ये उकरल्यावर आकाशाचे वेध घ्यायच्या प्रचंड कमानीचा जमिनीखालचा भाग सापडला. नात त्या खाचेत वाकून बघत विचारत होती, "एवढे तारे मोजणाऱ्या माणसाला कोण मारतं?" गाईडनं सांगितलं, "त्याच्या मुलानं मारवलं." ती बराच वेळ बोलली नाही. दुसऱ्या दिवशी घाटापलीकडचं शहरिसब्झ गाव होतं. आबांचा गुडघा सुजला, घाट नको म्हणाले. आम्ही ते सोडून दिलं आणि जवळच्या कोनीगिलला तुतीच्या सालीचा कागद बनवताना बघत बसलो. चोवीस जणांच्या गटात हे जमलं नसतं.

आज आमच्याकडे ऑफिसात चौघं आहोत. वर्षाला नऊ-दहाच अशा सहली घेतो. श्रीलंका सुरू केलं, अनुराधपूर आणि पोलोन्नरुवासाठी पंधरा दिवस. आठ दिवसांत पाच देश मागणारे फोन रोज येतात. त्यांना मी दुसऱ्यांचे नंबर देते, कारण ते काम आमच्याच्यानं नीट होत नाही. उत्पन्न पूर्वीपेक्षा वाढलंय असं नाही. माणसं मात्र परत येतात. त्या मुख्याध्यापिका गेल्या वर्षी पुन्हा बुखाऱ्याला जाऊन आल्या. एकट्या, अकरा दिवस.

या फेब्रुवारीत आमचा गाईड बायकोला घेऊन सांगलीला आला. त्यांच्यासाठी मी आठ दिवसांचा कार्यक्रम आखला होता. गणपती मंदिर, हरिपूरचा संगम, औंधचं संग्रहालय, बदामी. चौथा दिवस कोरा. सकाळीच तो म्हणाला, "ओपा, आबांकडे जाऊ." बागेत पोचला तर मांडवाला घड लटकलेले, पानं हिरवीगार. तो खोडाला हात लावून विचारू लागला, "आबा, यांना झोप कधी?"

आबा म्हणाले, "आम्हालाच कुठं आहे?" आणि त्याला शेडकडे घेऊन गेले. संध्याकाळी मी न्यायला गेले तेव्हा दोघं जाळीवरचे मणी हातानं पसरत होते, आणि आजींनी त्यांच्यासाठी झाकून ठेवलेला चहा गार झाला होता.