आमदार फंडातून वस्तीचा रस्ता: माझा अनुभव

आमदारांचं पत्र मिळालं की काम मंजूर झालं, असं गावात सगळे धरून चालतात. पत्र ही नुसती शिफारस असते. प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात आणि तिथवर फाईल पोचायला किती टेबलं लागतात, ते ती फिरवणाऱ्यालाच कळतं. ग्रामपंचायतीत सदस्य असताना आमच्या खालच्या वस्तीच्या 180 मीटर रस्त्याची फाईल मी फिरवली. पत्र 18 नोव्हेंबर 2023 ला मिळालं, काँक्रीट पडलं जून 2024 मध्ये. मधले सात महिने कशात गेले ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या गावाचे जाणार नाहीत.

सगळ्यात आधी आपलं गाव कोणत्या मतदारसंघात आहे ते मतदार यादीवर बघा. तालुक्यावरून अंदाज करू नका. आमच्या साताऱ्यात खटाव तालुका कोरेगाव, माण आणि कराड उत्तर अशा तीन मतदारसंघांत वाटला गेलाय. खासदारांचंही तसंच. फलटण आणि माण हे साताऱ्याचे मतदारसंघ लोकसभेला माढ्यात येतात; सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर आणि शिराळा हातकणंगल्यात. चुकीच्या लोकप्रतिनिधीकडे दिलेला अर्ज कुणी परत पाठवत नाही, तो तिथेच पडून राहतो.

ठराव आणि अंदाजपत्रक यांत फार वेळ गेला नाही. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला. शाखा अभियंत्यांनी येऊन टेप लावली, 180 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 15 सेंटिमीटर जाड, म्हणजे 81 घनमीटर काँक्रीट, आणि खालच्या खडीच्या थरासकट 10 लाखांच्या आतलं अंदाजपत्रक महिन्याभरात दिलं.

आमदारांना भेटायचं कधी, हेही शिकावं लागतं. आमच्या आमदारांचा आठवडा साधारण असा असतो: सोमवार ते बुधवार मुंबई, कारण मंत्री तेव्हाच मंत्रालयात सापडतात. गुरुवार-शुक्रवार तालुक्याच्या आढावा बैठका, टंचाई, वीज, पाण्याचं आवर्तन. शनिवारी जनसंपर्क कार्यालय. रविवारी लग्नं, सांत्वनाच्या भेटी, भूमिपूजनं. लोक रविवारी लग्नाच्या मांडवात हातात कागद देतात. तो कागद खिशात जातो आणि पुढे कुठे जातो ते कुणालाच सांगता येत नाही. शनिवारी सकाळी दहाच्या आत जा, स्वीय सहायकांकडे अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. त्या क्रमांकावर पुढचं सगळं चालतं.

त्या वर्षी गर्दी जास्तच होती. मार्च 2022 पासून जिल्हा परिषदेत आणि पंचायत समितीत सदस्यच नव्हते, प्रशासक होते. गटारापासून स्मशानशेडपर्यंत प्रत्येक मागणी आमदारांच्या दारात. आमदाराला स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी. शंभर गावं धरली तरी गावाच्या वाट्याला 5 लाख येतात. आपलं काम त्यात बसलं, याचं मोल मला ठाऊक होतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा राग अजून जात नाही.

ठरावात कामाचं नाव होतं, ‘शाळा ते खालची वस्ती रस्ता काँक्रीटीकरण करणे’. अंदाजपत्रकात तेच नाव, फक्त पुढे ‘मौजे’ आणि गावाचं नाव. आमदारांच्या पत्रात मात्र टाईप झालं, ‘खालची वस्ती येथे रस्ता काँक्रीटीकरण करणे’. मी पत्र हातात घेतलं, रक्कम वाचली, सही वाचली आणि घडी घालून पिशवीत ठेवलं. नाव वाचलंच नाही.

फाईल ज्या कार्यालयात तपासली जाते तिथे 5 डिसेंबरला गेलो. पत्रावर ‘येथे’ या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल केला होता. ‘ते’ म्हणजे एका ठिकाणापासून दुसऱ्यापर्यंतचा रस्ता, ‘येथे’ म्हणजे वस्तीच्या आतला रस्ता, दोन वेगळी कामं, असं टेबलावरच्या माणसानं सांगितलं. त्यांचं चूक नव्हतं. एका नावानं मान्यता घेऊन दुसऱ्याच जागी काम केलं, अशी प्रकरणं लेखापरीक्षणात निघतात आणि वसुली लागते. पण शिफारस तीच, रक्कम तीच, अंदाजपत्रक सोबत जोडलेलं, गावात त्या नावाची वस्ती एकच. तरी दुरुस्ती फक्त आमदारांच्या सहीच्या सुधारित पत्रानंच होणार होती.

आणि आमदार नागपूरला निघाले होते. हिवाळी अधिवेशन 7 डिसेंबरला सुरू झालं, 20 ला संपलं. सुरू झालं त्याच दिवशी, 7 तारखेला, केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, 8 ला कांद्याची निर्यात बंद केली. आमच्या पूर्व भागात कांदा आणि पश्चिमेला ऊस, म्हणजे दोन्हीकडून माणसं फोनवर. निर्यात केंद्राच्या हातात, ते काम खासदारांचं. पण शेतकरी आमदारालाच विचारतो आणि त्यात काही चूक नाही. त्यात आरक्षणाची चर्चा, रोज सकाळी प्रश्नोत्तरं, लक्षवेधीची तयारी. त्या दोन आठवड्यांत स्वीय सहायकांनी माझा फोन दोनदा उचलला, हेच पुष्कळ. लेटरहेड नागपुरात, सही नागपुरात. सुधारित पत्र 23 डिसेंबरच्या शनिवारी मिळालं, 26 ला मी ते जमा केलं.

अधिवेशनाच्या तारखा आधी बघून ठेवा. अर्थसंकल्पी अधिवेशन फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, पावसाळी जून-जुलैच्या सुमारास, हिवाळी डिसेंबरात नागपूरला. अधिवेशनाच्या तोंडावर पत्र घेतलं तर तिथल्या तिथे, स्वीय सहायकांसमोर, ठराव शेजारी धरून शब्दन्‌शब्द ताडून बघा.

सुधारित पत्र दिल्यावर मान्यता येईल असं वाटलं. जानेवारीच्या मध्याला दुसरी त्रुटी निघाली: ग्रामपंचायतीच्या नमुना 23 मध्ये रस्ता ‘गावठाण ते खालची वस्ती’ असा आहे, ‘शाळा ते’ असा नाही, लांबीही लिहिलेली नाही. नमुना 23 म्हणजे ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही. शाळा गावठाणाच्या कडेलाच आहे, पण नोंदीत ते दिसत नाही. मासिक सभेत ठराव करून नोंद दुरुस्त केली. आमच्या ग्रामसेवकांकडे दोन गावांचा पदभार होता, त्यामुळे सहीचा उतारा मिळायला फेब्रुवारी उजाडला.

तो दिला तर तिसरी त्रुटी: जागेचे फोटो अक्षांश-रेखांशासह हवेत. हे तर मोबाईलवर पाच मिनिटांचं काम. वस्तीवर जाऊन रस्त्याची सुरुवात, मध्य आणि शेवट असे तीन फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी दिले.

माझं म्हणणं एवढंच आहे की या तिन्ही गोष्टी 5 डिसेंबरला त्याच फाईलमध्ये दिसत होत्या. तेव्हा तिन्ही सांगितल्या असत्या, तर सुधारित पत्र नागपुरात अडकलेलं असताना नोंद आणि फोटो करून झाले असते. एक त्रुटी, पंधरवडा. दुसरी त्रुटी, पंधरवडा. असं करत काम तीन महिने मागे जातं आणि दोष कुणाच्याच नावावर लागत नाही. पहिल्याच खेपेला शांतपणे म्हणा, “साहेब, सगळ्या त्रुटी एका पत्रात लेखी द्या, म्हणजे आम्ही एकदम पूर्तता करतो.” लेखी मागितलं की फाईल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते. शिवाय विलंबाला प्रतिबंध करणारा 2005 चा राज्याचा अधिनियम आहे. त्याच्या कलम 10 प्रमाणे एका टेबलावर नस्ती, म्हणजे फाईल, साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. भांडायला जाऊ नका, पण अर्जात या कलमाचा उल्लेख जरूर करा. तिसऱ्या वेळी मी केला आणि आठवड्यात हालचाल झाली.

फेब्रुवारीअखेर प्रशासकीय मान्यता आली. पुढे तांत्रिक मान्यता आणि काम वाटप मार्चअखेरच्या घाईमुळे लवकर उरकलं. कार्यारंभ आदेश 13 मार्चला निघाला. ठेकेदार म्हणाला, सोमवारी मशीन आणतो. सोमवार 18 तारखेला होता आणि 16 ला लोकसभेची आचारसंहिता लागली. आदेश निघाला असला तरी जागेवर प्रत्यक्ष काम सुरू झालेलं नसेल, तर आचारसंहितेत ते सुरू करता येत नाही. आमच्याकडे मतदान 7 मे ला झालं, निकाल 4 जूनला लागला, आचारसंहिता उठली त्यानंतर. डिसेंबरातल्या ‘येथे’ची किंमत वस्तीतल्या माणसांनी अशी उन्हाळाभर धुळीत मोजली.

म्हणून आदेश मिळाला त्याच दिवशी आखणी करा, खोदाईला हात घाला, अभियंत्यांना जागेवर बोलवा आणि तारखेसह फोटो काढून ठेवा. मुहूर्त, नारळ, पाहुण्यांची तारीख यासाठी थांबू नका. भूमिपूजन नंतरही होतं.

रस्ता जूनमध्ये झाला. पावसाची दोन दिवस उघडीप बघून काँक्रीट टाकलं. व्हायब्रेटर फिरतोय का ते शेवटपर्यंत उभं राहून बघा, विशेषतः कडांना. तिथे जाळी, म्हणजे काँक्रीटमध्ये पोकळ भोकं, राहिली की ट्रॅक्टरच्या चाकाखाली कड तुटते. सांधे दर चार-साडेचार मीटरवर कापायचे आणि तेही पहिल्या दिवसातच, नाहीतर काँक्रीट आपल्या मनानं तडकतं. त्याच काँक्रीटचे 15 सेंटिमीटरचे ठोकळे समोर भरून घ्या, त्यांच्या ताकदीची तपासणी 7 आणि 28 दिवसांनी होते. वर मातीची आळी करून किमान 14 दिवस पाणी उभं ठेवा. आमच्याकडे वस्तीतल्या बायकांनी पाळ्या लावून पाणी घातलं, पाऊस असला तरी सोडलं नाही.

एक राहिलंच. ठराव लिहिताना कामाच्या नावात ‘कुठून’, ‘कुठपर्यंत’, लांबी आणि गट नंबर चारही घाला, आणि त्याआधी नमुना 23 उघडून तिथलंच नाव उतरवून घ्या. आता वरच्या वस्तीचा ठराव आम्ही तसाच केलाय: ‘मौजे’, गावाचं नाव, ‘येथील मारुती मंदिर ते वरची वस्ती रस्ता, लांबी 240 मीटर’, आणि पुढे गट नंबर. अर्जाच्या मागे त्याच नावाची एक चिठ्ठी टाचून दिली आणि स्वीय सहायकांना सांगितलं, पत्र टाईप करताना हीच ओळ घ्या, एकही शब्द बदलू नका.