चवथ तोंडावर आणि कपाटामागे बुरशी

आमचं डिचोलीचं घर जुनं, चिऱ्याचं (म्हणजे जांभ्या दगडाचं), कौलारू. पावसात ओल दरवर्षीचीच, त्यामुळे जुलैत आई म्हणाली, "आतल्या खोलीत कुबट वास येतोय रे," तेव्हा मी म्हटलं, अगं जुलैत गोव्यात कुठल्या घराला वास येत नाही! इथेच माती खाल्ली.

मे महिन्यात बाथरूम नवं केलं होतं. पावसाच्या आत टाइल्स बसायला हव्यात म्हणून घाई आमचीच, आणि प्लंबर म्हणाला प्रेशर टेस्ट (पाइपांत दाबानं पाणी भरून गळती बघणं) नाय केली तरी चालते, तर आम्ही माना डोलावल्या. त्याच भिंतीच्या पलीकडे आतली खोली आणि तिथे भिंतीला अगदी चिकटवून प्लायचं नवंकोरं कपाट.

2025ला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, 27 ऑगस्टला होती. आरत्या-भजनासाठी बाबांनी महिन्याच्या सुरुवातीलाच कपाटातून पेटी काढली, तर भात्याच्या घड्यांत राखाडी-हिरवी लव. बोट लावलं तर भुकटीसारखी उडाली आणि बाबांच्या शिंका थांबेनात. मग कपाट रिकामं केलं, मागच्या प्लायला स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा आत गेला. मेस्ताला (सुताराला) बोलावून मागची बाजू कापली. रुपयाएवढे काळे गोल, एकमेकांत मिसळलेले, आणि भिंतीवर पांढरा कापूस. त्या पांढऱ्यावर पाणी शिंपडलं तर काही ठिकाणी तो विरघळला, म्हणजे तेवढा भाग भिंतीतून आलेला खार होता, बाकीची बुरशी.

पेंटर म्हणाला, वॉटरप्रूफ पुट्टी मारतो, चवथीला कोणाला कळणारसुद्धा नाही. बाबा जवळजवळ तयार झालेले! पण पाणी येतंय कुठून ते कळल्याशिवाय पुट्टी मारून काय उपयोग? रात्री टाकीत येणारं पाणी बंद केलं, आत पातळीवर खूण केली, घरातले सगळे नळ बंद. सकाळी पाणी दोन बोटं खाली. बाथरूममधल्या गरम-थंड पाण्याच्या मिक्सर नळामागचा एल्बो, म्हणजे पाइप वळवणारा जोड, गळत होता. सहा नव्या टाइल्स फोडल्या (त्या डिझाइनच्या आता मिळत नाहीत, ते दुःख वेगळंच). चिरा स्पंजसारखा पाणी पितो, त्यामुळे ओल जॉइंटपासून तीन फूट लांब दिसत होती आणि आम्ही कौलांवर संशय घेत बसलेलो.

साफसफाईत मी आधी एक चूक केली, पंखा फुल सोडला. पंख्यानं बुरशीचे कण घरभर उडतात. मग पंखा बंद, घरातलं दार बंद, बाहेरची खिडकी उघडी, एन-95 मास्क, हातमोजे, आणि कोरडा झाडू अजिबात नाही, आधी पाणी फवारून मग पुसायचं. ब्लीचनं प्लायवरचा काळा रंग जातो पण आत रुजलेली बुरशी तशीच राहते, म्हणून प्लाय सरळ फेकून दिलं. सागाची चौकट साबणानं घासून वाचली. गिलावा चिऱ्यापर्यंत खरवडला.

मग वाळवणं, आणि ऑगस्टात वाळवणार काय, कपाळ! भाड्यानं डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) आणला, बुरशी निघाल्यावर पंखाही लावला. भिंत सुकली का बघायला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून 24 तास ठेवायचा, आतून घाम आला तर भिंत अजून ओली. आमच्या भिंतीला दसऱ्यापर्यंत घाम येत होता.

चवथ झाली, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधली, आतल्या खोलीचं दार बंद. पेटी शेजाऱ्यांची, आणि तिचा एक सूर बसलेला, त्यामुळे बाबा आरतीला प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायचे. बाबांच्या पेटीला नवा भाता बसवून ती तुळशीच्या लग्नानंतर आली.

गिलावा यावेळी चुन्याचा केला, सिमेंटपेक्षा त्यातून ओल जास्त सहज बाहेर पडते. कपाट आता भिंतीपासून चार इंच पुढे आहे. त्या फटीत मांजर जाऊन झोपणार हे मेस्तानं आधीच सांगितलं होतं, आणि ते झोपतंच.