तुम्ही विचारलंत म्हणून: खिडकीला खोका का?

घरी येणारं प्रत्येक माणूस पाणी पिऊन झालं की बेडरूमकडे बघून विचारतं, खिडकीला हा फ्रिजचा खोका का लावलायस, सरळ पडदे का घेत नाहीस. परवा सिलेंडरवाल्या दादांनीपण विचारलं. म्हणून एकदाच सांगून टाकते.

मी नर्स आहे, महिन्यातले पंधरा दिवस नाइट, रात्री ८ ते सकाळी ८. आंघोळ करून आडवी होते तेव्हा साडेनऊ झालेले असतात आणि माझी खिडकी पूर्वेला. पापण्या मिटल्या तरी उजेड आत जातोच, आणि उजेड आत गेला की मेंदू मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं हार्मोन, बनवायचं थांबवतो. हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेत, उपयोग काही झाला नाही.

पडदे आहेत हो. पण घर भाड्याचं, ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, भिंतीत ड्रिल मारायचं नाही असं मालकांनी आधीच बजावलंय, आणि आधीच्या भाडेकरूची जी बारीक दांडी आहे ती ब्लॅकआउट पडद्यांसकट एकदा माझ्या उशीवर आलीये. शिवाय पडदा कितीही जाड घ्या, कडेने एक पट्टी येतेच आणि ती बरोबर डोळ्यावर येते. आयमास्क घाल म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात लाइट गेलेली असताना तो घालून झोपून दाखवावं.

मग सगळं करून बघितलं. बेडशीट आणि चिमटे. काळ्या कचऱ्याच्या पिशव्या, पंखा लावला की दिवसभर चुर्रचुर्र. पाण्याने चिकटवलेला पेपर, ज्यातून एवढा उजेड यायचा की बातम्या उलट्या वाचता याव्यात, आणि दुपारपर्यंत वाळून एकेक पान खाली. शेवटी किचनमधली फॉइल. साबणाच्या पाण्याने काचेला सपाट बसवली आणि असा अंधार झाला की मोबाइल शोधायला दुसरा मोबाइल लागावा. सासूबाई म्हणाल्या १९७१ च्या युद्धात मुंबईत काचांना असेच काळे कागद लावले होते, पण ते आपलं घर वरून दिसू नये म्हणून, तुझं तर अख्ख्या गल्लीला दिसतंय.

गंमत म्हणून ऐकलं मी ते.

आठवड्याभराने सकाळी अकराला बेल वाजली. समोरच्या जुन्या चार मजली बिल्डिंगमधले काका, पंचाहत्तरीच्या पुढचे, डोळ्यावर काळा गॉगल. म्हणाले, "बाळ, ते चकचकीत जरा काढता येईल का? आमच्या खोलीत तिरीप येते." माझी सलग पाचवी नाइट झालेली, नुकता डोळा लागलेला. मी म्हणलं, "काका, मी रात्रभर जागी असते. तुम्ही पडदे लावा ना."

हो, हेच म्हणलं. मीच. ते "बरं बरं" म्हणाले आणि मी दार लावलं.

तो गॉगल कसला होता हे तरी मला कळायला हवं होतं की नाही, मोतीबिंदूच्या पेशंटला डिस्चार्जच्या वेळी तसलाच काळा गॉगल मी स्वतः घालून दिलाय. सूर्य त्यांच्या गच्चीवरून वर आला की माझ्या सहाव्या मजल्यावर पडतो आणि फॉइलवरून परत खाली, थेट त्यांच्या दुसऱ्या मजल्यावर. झोपेतल्या माणसाला कसं सुचणार हे, असं मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय. चार दिवसांनी कपडे वाळत घालताना खाली बघितलं, तर काकांच्या खिडकीला आतून पेपर चिकटवलेला होता.

लगेच फॉइल काढली असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. काढली नाही. अजून तीन आठवडे तशीच ठेवली. मग एप्रिलात एका दुपारी टक्क आवाज झाला आणि काचेवर कोपऱ्यातून वाकडी रेघ. काचवाला म्हणाला, फॉइलने काच मधे तापते, कडा चौकटीच्या चॅनलमध्ये गार राहतात, मग तडकते. पैसे डिपॉझिटमधून. म्हणजे फॉइल उतरली ती काचेमुळे, काकांमुळे नाही.

तेव्हापासून हा खोका. काचेला न चिकटवता आतल्या चौकटीत घट्ट बसेल असा कापलाय, बाहेरच्या बाजूला पांढरा कागद, कडेला मास्किंग टेप कारण सेलोटेपने रंग निघतो, ओढायला नाडीची मूठ. वारा येत नाही, मान्य. दोन महिन्यांपुरतं आहे असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं, डे मिळणार होता ना. आता चौथं वर्ष चालूये आणि ऑफच्या दिवशीही खोका निघत नाही. पेशंटला मी खिडक्या उघडा, सकाळचं ऊन घ्या सांगते. पण झोप नसली तरी दुपारी बाराला त्या अंधारात पडून राहायला मला आवडतं, आता काय करू.

काकांचा पेपरही अजून आहे, पार पिवळा पडलाय. भाजीच्या गाडीवर भेटतात, गॉगल नसतो, विचारतात, "काय बाळ, झोप होते ना नीट?" मी हो म्हणते. फॉइल काढलीये हे अजून सांगितलेलं नाही.