सरकत्या कड्यांचा झोपाळा

जिभेला हाड नसतं म्हणून तिला सगळे बोलतात. तिच्याभोवतीचं जबड्याचं जे हाड जन्मभर राबतं, त्याची दखल कुणी घेत नाही. मीही घेतली नव्हती, गेल्या थंडीत इंदूरच्या सराफ्यात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाईपर्यंत.

सराफ्यातली सोन्याची दुकानं मिटली, की कढया पेटतात. गराडू तळून निघाला, वर जिरावन मसाला आणि लिंबू पडलं, की निववत बसायचं नसतं. तोंडात टाकायचा आणि आ वासून हा-हा करत वाफ सोडायची. मी आ वासला आणि डाव्या कानापाशी ‘कट्ट’ वाजलं. मग प्रत्येक मोठ्या घासाला तेच. आई म्हणाली, “घरच्या झोपाळ्याच्या कड्यांत तेल तरी घालता येतं, तुझ्यात कुठून घालू?”

आईला ठाऊक नव्हतं, पण उपमा नेमकी होती. खालचा जबडा म्हणजे झोपाळाच. फळी एक, आणि ती दोन कानांपुढे दोन कड्यांवर टांगलेली. एक बाजू हलवून दुसरी स्वस्थ ठेवू म्हटलं तर जमत नाही. जन्मतः ही फळी दोन तुकड्यांत असते, पहिल्या वर्षात हनुवटीपाशी सांधली जाते. ओढून वर घेणारे स्नायू गालात आणि कानशिलात. दात-ओठ खाताना कानशिलावर हात ठेवून पाहा.

फरक एवढाच, की झोपाळ्याच्या कड्या जागा सोडत नाहीत, या सोडतात. तोंड थोडं उघडलं तर जागच्या जागी फिरतात. मोठा आ केला, की खोबणीतून निघून पुढच्या उंचवट्याखाली सरकतात. मधे एक छोटी गादी असते, ती घसरून पुन्हा जागेवर येताना वाजते. हीच माझी ‘कट्ट’. एखाद्या बेफाम जांभईत कडी उंचवट्यापलीकडे गेली, तर मात्र तोंड उघडंच राहतं. मग डॉक्टर खालच्या दाढांवर अंगठे ठेवून जबडा आधी खाली दाबतात, मग मागे ढकलतात.

माझ्या डॉक्टरांनी मला तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. गेली. “दुखतं? नाही ना? मग वाजू दे.” फी मात्र पूर्ण.

हनु म्हणजे जबडा. इंद्राचं वज्र तिथे लागलं म्हणून तो हनुमान, हे लहानपणापासून ऐकलेलं. तरी हल्ली रणजीत हनुमानाच्या देवळात गेले की नजर आधी हनुवटीवर जाते. देवा, तुमचंही वाजतं का हो?

पण मला खरी गंमत वाटली ती १८३७ सालच्या एका शोधाची. रायखर्ट नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं दाखवलं, की आपल्या कानातली हातोडी आणि ऐरण ही इवली हाडं सरपटणाऱ्या प्राण्यांत जबड्याच्या सांध्यात असतात. म्हणजे माझी ‘कट्ट’ ऐकतात ती जबड्याचीच जुनी माणसं. वेगळं बिऱ्हाड केलं, तरी शेजारीच राहिली.

परवा हे सगळं सराफ्यात आत्याला सांगत होते. ती, तिची सून, आई, सगळ्या कानांपुढे बोटं लावून आ करत उभ्या. गराडूवाल्यानं झारा थांबवला. “क्या हुआ, कान दुख रहा है?” आत्यानं त्याला समजावलं. त्यानं तेलकट बोट पंच्याला पुसलं, कानापुढे लावलं, तोंड उघडलं.

“अरे, ये तो सरकता है!”

तोवर आमचे गराडू करपले होते.