पी पफर: आधी गोगलगायी, मग मासा

कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला पी पफर हा छोटा शोभेचा मासा आणायला जाण्याआधी महिनाभर घरी गोगलगायींची बरणी लावा. टाकीत आल्यावर हा मासा अनेकदा उपासमारीनं जातो. फ्लेक (सुकं पापुद्र्यासारखं खाद्य) किंवा गोळ्या तो सहसा तोंडातच घेत नाही, त्याला हलणारं भक्ष्य लागतं.

शास्त्रीय नाव कॅरिनोटेट्राओडॉन ट्रॅव्हनकोरिकस. 1941 साली होरा आणि नायर यांनी त्याचं वर्णन केलं. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांतला हा मासा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा. पूर्ण गोड्या पाण्यातला आहे, तेव्हा ‘पफर आहे, मीठ टाका’ असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका.

बरणी पाच लिटरची पुरते. पाणवनस्पतींबरोबर फुकट येणाऱ्या बारीक गोगलगायी त्यात सोडा, उकडलेल्या पालकाचं पान घाला, आठवड्याला अर्धं पाणी बदला. मुंबईचं तलावांतून येणारं पाणी मृदू असल्यानं शंख पातळ आणि पांढुरके पडतात. समुद्रफेसाचा, म्हणजे माकुलाच्या हाडाचा, बोटाएवढा तुकडा टाका. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. शंख फोडताना पफरचे दात झिजतात, आणि ते झिजायला हवेत, कारण ते वाढत राहतात. मात्र मलेशियन ट्रम्पेट गोगलगाय देऊ नका, तिच्या टणक शंखानं दात तुटू शकतो.

मोठ्या माशाला दिवसाला एक-दोन बारीक गोगलगायी, आलटूनपालटून फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव). उरलेलं अर्ध्या तासात काढा, नाहीतर ते कुजून पाण्यात विषारी अमोनिया चढतो. डासांच्या अळ्याही तो आवडीनं खातो, पण त्यासाठी गॅलरीत बादली भरून ठेवू नका. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

दुकानात आधी पोट बघा. बाजारातले पुष्कळ पफर नदीतून पकडलेले असतात आणि पोटात जंत घेऊन येतात. पोट खपाटीला गेलंय, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी आहे, असा मासा सोडा. दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत ही जात ‘असुरक्षित’ गटात आहे; पाळता येणार नसेल तर घेऊच नका.

चाळीस लिटरच्या टाकीत एक नर, दोन-तीन माद्या. वयात आलेल्या नराच्या पोटावर गडद रेघ आणि डोळ्यामागे सुरकुत्या दिसतात. पिल्लांत ओळखणं अवघड. नर एकमेकांचे पंख कुरतडतात, म्हणून झाडी इतकी दाट हवी की एका कोपऱ्यातला मासा दुसऱ्याला दिसू नये. स्पंज फिल्टर चार ते सहा आठवडे आधीपासून मुरवलेला, म्हणजे पाण्यात चालवून त्यात उपयुक्त जिवाणू वाढू दिलेला, हवा. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन घातल्याशिवाय ते टाकीत ओतू नका. पाणी 24 ते 28 अंश ठेवा. मे महिन्यात चढलं तर झाकण काढून जाळी लावा आणि वर छोटा पंखा सोडा.

मासा हलवताना जाळी वापरू नका. पाण्याबाहेर फुगला की पोटात हवा भरते, आणि ती बाहेर टाकणं त्याला जड जातं. पाण्यासकट वाटीनं उचला.